अनुभवाचे प्रमाण : मिल, आगरकर आणि वऱ्हाड

21 मे 1853 रोजी हैदराबादच्या निजामाने ईस्ट इंडिया कंपनीशी तह केला. निजामाच्या नावाने उभ्या केलेल्या हैदराबाद कंटिन्जंट या फौजेचा खर्च थकला होता. त्या थकबाकीपोटी आणि पुढच्या खर्चाची सोय म्हणून वऱ्हाडचा मुलूख कंपनीच्या कारभाराखाली गेला. घाटाखालचा पयनघाट गेला, तसाच घाटावरचा बालाघाटही गेला. वाशीम, रिसोड आणि त्याच टापूतले रिठद ही सगळी बालाघाटातली गावे. लंडन आणि हैदराबादेत काय ठरले हे रिठदच्या कुणब्याला कोण सांगणार? सारा मागायला येणारा माणूस बदलला, तेव्हाच त्याला धनी बदलल्याचे कळले असेल.

त्या काळी हिंदी संस्थानांशी होणारा कंपनीचा पत्रव्यवहार लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवरील इंडिया हाउसमध्ये ज्याच्या मेजावर येई, तो अधिकारी म्हणजे जॉन स्टुअर्ट मिल. 1823 साली, सतराव्या वर्षी तो तिथे कारकून म्हणून लागला आणि 1858 मध्ये कंपनीचे राज्य संपेपर्यंत तिथेच राहिला. पस्तीस वर्षे त्याने हिंदुस्थानचे कागद वाचले, खलिते लिहिले. हिंदुस्थानात मात्र त्याने कधी पाऊल ठेवले नाही. कचेरीतल्या याच वर्षांत त्याने ‘अ सिस्टिम ऑफ लॉजिक’ लिहिले. 1843 साली ते प्रसिद्ध झाले आणि अनुभववादाचा एकोणिसाव्या शतकातला सर्वांत भरभक्कम ग्रंथ ठरला.

तहानंतर बावीस वर्षांनी, 1875 मध्ये, त्याच वऱ्हाडातल्या अकोल्याच्या हायस्कुलातून एक गरीब मुलगा मॅट्रिक झाला. त्याचे नाव गोपाळ गणेश आगरकर. मिलचा विचार मराठीत रुजवण्याचे काम याच माणसाने पुढे केले. आगरकरांना आपण समाजसुधारक म्हणून ओळखतो आणि त्यांच्या सुधारणांची यादी शाळेत पाठ करतो. पण ती यादी एका ज्ञानविचारातून उगवली आहे. तो विचार समजून घेतला नाही, तर आगरकर म्हणजे नुसता चिडलेला माणूस वाटतो. तो विचार काय आहे आणि वऱ्हाडच्या मातीत त्याला काय अर्थ आहे, हेच इथे सांगायचे आहे.

ही परंपरा मिलच्या आधीची. फ्रान्सिस बेकनने 1620 साली ‘नोव्हम ऑर्गनम’मध्ये सांगितले, की निसर्गाला प्रश्न विचारा, जुन्या ग्रंथांना नव्हे. जॉन लॉकने सतराव्या शतकाच्या अखेरीस मांडले, की जन्मतः मनात कोणतेही ज्ञान कोरलेले नसते. जे येते ते अनुभवातून येते. अठराव्या शतकात डेव्हिड ह्यूमने या विचाराला अवघड टोकापर्यंत नेले : आजवर सूर्य उगवला म्हणून उद्या उगवेलच, याला तर्कशास्त्राचा आधार काय? आपल्याकडे चार्वाकांनी नैयायिकांना हाच पेच घातला होता. जिथे धूर तिथे अग्नी हे तुम्ही काही ठिकाणी पाहिले; सर्व ठिकाणी, सर्व काळी तसेच असते हे कुठे पाहिले? त्यामुळे अनुभववादाचा मूळ प्रश्न मराठी वाचकाला परका वाटण्याचे कारण नाही. दर्शनांच्या वादात तो कित्येक शतके गाजला आहे.

मिलने या प्रश्नाला जे वळण दिले ते विलक्षण आहे. सर्व माणसे मर्त्य आहेत. अमुक माणूस आहे. म्हणून तो मर्त्य आहे, हे अनुमान तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते. मिलने उदाहरणाला ड्यूक ऑफ वेलिंग्टन घेतला, कारण ग्रंथ लिहिला तेव्हा तो हयात होता. हाच तो आर्थर वेल्स्ली, ज्याने 1803 च्या नोव्हेंबरात अकोल्याच्या उत्तरेला अडगावला नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला आणि पुढच्याच महिन्यात गाविलगड घेतला. मिल विचारतो : वेलिंग्टन मरेल हे आपल्याला कशावरून कळते? ‘सर्व माणसे मर्त्य आहेत’ यावरून? पण त्या ‘सर्व’मध्ये वेलिंग्टन आधीच धरला आहे. खरा पुरावा आहे तो आजवर मेलेल्या एकेका माणसाचा. सामान्य नियम म्हणजे त्या पुराव्याची वहीतली नोंद. आपण एका घटनेवरून दुसऱ्या घटनेकडे जातो. नियम वाटेत सोयीसाठी लिहून ठेवतो. मिलचा दाखला खेड्यातल्या जाणत्या बाईचा आहे. शेजारणीचे मूल आजारी पडले, की आपल्या लेकीला तसेच झाले होते तेव्हा काय केले हे आठवून ती औषध सांगते. वैद्यकाचा कोणताही सिद्धान्त तिला येत नसतो. नैयायिकांनीही अनुमानाच्या पाच अवयवांत उदाहरणाला, स्वयंपाकघरातल्या धुराला, हक्काची जागा दिली होती, हे इथे आठवते.

या भूमिकेचा परिणाम दूरवर जातो. नियम ही जर पाहिलेल्या गोष्टींची नोंद असेल, तर कोणत्याही नियमाला, मग तो शास्त्राचा असो, धर्माचा असो वा रूढीचा, एकच प्रश्न विचारता येतो : ही नोंद कशावरून झाली? ती तपासली कोणी? आत्मचरित्रात मिलने स्पष्टच म्हटले आहे, की अनुभवाच्या मदतीशिवाय अंतःप्रेरणेने सत्य कळते ही समजूत खोट्या मतांचा आणि वाईट संस्थांचा सर्वांत मोठा आधार आहे. ज्या समजुतीचा उगम कुणाला आठवत नाही, तिला या मतामुळे पुराव्यावाचून सिंहासन मिळते.

पण नुसता अनुभव फसवतो, हे मिल जाणून होता. म्हणून कारण शोधण्याच्या पाच पद्धती त्याने मांडल्या. त्यांतली सर्वांत धारदार पद्धत भेदाची. दोन प्रसंग असे शोधा, की त्यांत बाकी सगळे सारखे आहे आणि फरक एकाच गोष्टीचा आहे. एकात परिणाम दिसला आणि दुसऱ्यात दिसला नाही, तर कारण त्या एका गोष्टीत आहे. रिठदच्या शिवारात सोयाबीनवर फवारणी केली आणि पीक तरले. औषधाने तरले, की पाऊस उघडला म्हणून? ज्याने धुऱ्याकडच्या चार ओळी न फवारता सोडल्या, त्यालाच हे सांगता येते. वाण तेच, पेरणी त्याच दिवसाची, माती तीच, पाऊस तोच. फरक फक्त फवाऱ्याचा. ज्याने सगळे शेत फवारले त्याच्याकडे अनुभव आहे, पुरावा नाही.

मिलचे नाव न घेता हीच पद्धत वापरून लंडनमध्ये 1854 साली डॉ. जॉन स्नो यांनी पटकीच्या रोगाचे कोडे सोडवत आणले. दक्षिण लंडनच्या काही भागांत दोन कंपन्यांचे नळ एकाच रस्त्याने जात. शेजारच्या दोन घरांना दोन वेगळ्या कंपन्यांचे पाणी मिळे. श्रीमंत-गरीब, वय, व्यवसाय, हवा सगळे मिसळलेले. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी शहराच्या सांडपाण्याने नासलेले थेम्सचे पाणी देत होती. लॅम्बेथ कंपनीने दोनच वर्षांपूर्वी आपले पाणी नदीच्या वरच्या अंगाहून घ्यायला सुरुवात केली होती. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत पहिल्या कंपनीच्या दर 10,000 घरांमागे 315 मृत्यू झाले, तर दुसरीच्या 37. रोग दुर्गंधीयुक्त हवेने होतो असे त्या काळचे बहुतेक डॉक्टर सांगत. पण हवा दोन्ही घरांत एकच होती.

आता त्याच काळातल्या वऱ्हाडी खेड्याकडे पाहा. पटकी आली, की मरीआईचा कोप झाला असे मानत. देवीचा गाडा वाजतगाजत गावाच्या शिवेबाहेर नेत. साथ ओसरली, तर गाडा लागू पडला. ओसरली नाही, तर विधीत काही चुकले. या विचारात श्रद्धा आहे, धडपड आहे आणि मुलांच्या जिवाची काळजीही आहे. तिला हसण्याचा अधिकार कुणालाही नाही. फक्त एकच गोष्ट तिच्यात नाही : आपण चुकत असू तर ते कळण्याची वाट. काहीही घडले तरी समजूत खरीच ठरते. मिल आपल्याला नेमके हेच ओळखायला शिकवतो. जी समजूत कोणत्याही घटनेने खोटी ठरू शकत नाही, तिने अनुभवाशी संबंध तोडलेला असतो.

वऱ्हाडातल्या या दैवतांकडे तेव्हा आणखी एका माणसाचे लक्ष गेले होते. पश्चिम वऱ्हाडचे आयुक्त आल्फ्रेड लायल यांनी 1870 साली वऱ्हाडचे गॅझेटियर तयार केले आणि पाठोपाठ एका हिंदी प्रांताच्या धर्मावर लेख लिहिला. तो प्रांत वऱ्हाडच होता. शेंदूर फासलेला धोंडा, ज्याला लोक भितात तो प्राणी, अपघाती मेलेल्या माणसाचे थडगे, एखाद्या साधूची समाधी, अशा पायऱ्यांनी दैवत कसे घडत जाते, याची उदाहरणे त्यांनी इथल्या गावांतून टिपली. देव आधी आणि पूजा नंतर, असा क्रम पोथ्यांत असतो. लायल यांना प्रत्यक्षात तो उलटा दिसला. ते राज्यकर्त्याच्या खुर्चीतून पाहत होते आणि त्या खुर्चीची उंची त्यांच्या लेखनाला आहेच. तरी पद्धत निरीक्षणाची होती. पुढे आगरकरांनी ‘सुधारका’त ‘देवतोत्पत्ती’ हा निबंध लिहिला. त्यात हर्बर्ट स्पेन्सरच्या वळणाने त्यांनी हाच प्रश्न मराठी वाचकासमोर ठेवला : देवाची कल्पना माणसाच्या मनात कशी आली असेल? देव आहे की नाही यावर भांडण्यापेक्षा ती कल्पना कोणत्या अनुभवांतून उपजली हे पाहणे, हे अस्सल अनुभववादी पाऊल आहे.

आगरकर मूळचे कऱ्हाडजवळच्या टेंभूचे, जन्म 14 जुलै 1856 चा. घरची गरिबी अशी, की शिक्षणासाठी गाव सोडून फिरावे लागले. कऱ्हाडच्या कचेरीत उमेदवारी केली, दवाखान्यात काम केले, रत्नागिरीला पायी गेले आणि अखेर नातेवाइकांच्या आसऱ्याने अकोल्याला आले. तिथल्या हायस्कुलात विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखे व्यासंगी शिक्षक लाभले. ‘वऱ्हाड समाचार’ पत्रात लिहिण्याचा सरावही झाला. तिथून ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले. अंगात घालायला एकच सदरा होता. रात्री धुवायचा आणि सकाळी तोच चढवायचा. शिष्यवृत्ती, बक्षिसे आणि लेखन यांवर त्यांनी शिक्षण रेटले. वर्डस्वर्थ हे प्राचार्य आणि सेल्बी हे तर्कशास्त्र व तत्त्वज्ञान शिकवणारे प्राध्यापक. इथे मिल आणि स्पेन्सर आगरकरांच्या हाती पडले आणि जन्मभर राहिले. इथेच टिळकांशी मैत्री झाली. मोठ्या पगाराच्या नोकरीची वाट सोडून शिक्षणाला वाहून घ्यायचा निश्चय दोघांनी केला.

पुढचा इतिहास परिचित आहे. 1881 च्या जानेवारीत ‘केसरी’ निघाला आणि आगरकर त्याचे पहिले संपादक झाले. 1882 साली कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे तिथल्या दिवाणावरील टीकेबद्दल झालेल्या बदनामीच्या खटल्यात, टिळक आणि आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढावे लागले. 1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि 1885 मध्ये फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले. सामाजिक प्रश्नांवर मतभेद वाढले, तेव्हा 1887 मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि 1888 च्या दसऱ्याला ‘सुधारक’ काढला. त्याची इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले सांभाळत.

‘सुधारका’तला स्त्रीशिक्षणाचा युक्तिवाद वाचला, की मिलचे तर्कशास्त्र रक्तात भिनले होते हे कळते. बायकांचा स्वभावच असा, त्यांची बुद्धीच एवढी, हे वाक्य तेव्हा घरोघरी चाले. 1869 च्या ‘सब्जेक्शन ऑफ विमेन’मध्ये मिलने या वाक्याची तपासणी केली. स्त्री-पुरुषांना आपण आजवर फक्त एकाच परस्परसंबंधात पाहिले आहे. एकाच्या हातात सत्ता, दुसऱ्याच्या वाट्याला आज्ञापालन. मग जे दिसते ते स्वभावाचे की परिस्थितीचे, हे कशावरून ठरवणार? भेदाची पद्धत लावायची, तर परिस्थिती सारखी हवी आणि तशी ती कुठे कधी केलीच नाही. म्हणून स्त्रीस्वभावाविषयीचे तुमचे ज्ञान हे ज्ञानच नव्हे. स्नोच्या दोन घरांत हवा एक होती म्हणून पाण्याचा दोष दिसला. स्त्री-पुरुषांच्या बाबतीत हवा एक कधी नव्हतीच.

आगरकरांनी यातून पुढचे पाऊल काढले. मुलामुलींना एकच शिक्षण द्या आणि तेही एकत्र द्या, असे त्यांनी लिहिले. आज ही मागणी साधी वाटते. त्या काळी पुण्यात मुलींच्या शाळेत काय शिकवावे यावरच वाद पेटत होते. ही मागणी दयेपोटी आलेली नाही. ज्या प्रयोगाशिवाय खरे कळणार नाही, तो प्रयोग करा असे ती सांगते. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याने मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली. त्याच्या बाजूने उभे राहताना आगरकरांनी अंगावर झेललेल्या शिव्यांमागेही हीच दृष्टी होती. शास्त्रात काय लिहिले आहे याआधी, बालविवाहाने मुलींच्या शरीराचे काय होते ते पाहा. टिळकांचे म्हणणे होते, की परक्या सरकारच्या कायद्याने समाज सुधारू नये. तो आक्षेप हलका नव्हता आणि त्याला देशाभिमानाचे बळ होते. पण ज्या मुलीचे हाल आज होत आहेत तिला स्वराज्य येईपर्यंत थांबायला सांगणे आगरकरांना मान्य होणे शक्य नव्हते.

1859 चे ‘ऑन लिबर्टी’ हे मिलचे सर्वाधिक वाचले गेलेले पुस्तक. त्याच्या तर्कशास्त्राशी ते किती घट्ट बांधलेले आहे हे मात्र फारसे सांगितले जात नाही. सर्व ज्ञान अनुभवातून येते आणि कुणाचाही अनुभव पुरा नसतो. म्हणून कोणतेही मत अखेरचे नसते. मग विरोधी मत दाबणे म्हणजे काय? ते खरे असेल, तर आपण आपली चूक सुधारण्याची संधी घालवली. ते खोटे असेल, तर आपले खरे मत का खरे आहे हे विसरून गेलो. दोन्हीकडून तोटा समाजाचाच. अनुभववाद्याला विचारस्वातंत्र्य लागते, ते पुरावा येण्याची वाट उघडी राहावी म्हणून.

इष्ट असेल ते बोलणार, हा आगरकरांचा बाणा या विचारातून आला. त्याची किंमतही त्यांनी मोजली. पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली गेली. 1892 मध्ये ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. दम्याने शरीर पोखरलेले असतानाही ते लिहीत राहिले आणि 17 जून 1895 रोजी, एकोणचाळिसावे वर्षही पुरे होण्याआधी, गेले. त्यांनी हिंसा केली नाही, सत्ता मागितली नाही. फक्त कारणे विचारली. तेवढ्यावरून समाज माणसाची प्रेतयात्रा काढतो, यातच त्या प्रश्नांचे बळ दिसते.

आगरकरांच्या लेखनाच्याही मर्यादा आहेत. त्यांचा वाचक मुख्यतः शहरातला शिकलेला ब्राह्मण होता. खेड्यातल्या शेतकऱ्यापर्यंत आणि अस्पृश्य ठरवलेल्यांपर्यंत थेट पोचण्याचे काम 1873 साली सत्यशोधक समाज काढणाऱ्या जोतीराव फुले यांनी केले. रिठदसारख्या गावातल्या माणसाला ‘सुधारक’ वाचायला मिळणे तेव्हा दुर्मीळच. पण विदर्भाने हा धागा पुढे सोडला नाही. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक दि. य. देशपांडे यांनी 1990 मध्ये नागपुरातून आगरकरांच्या पत्राचे स्मरण ठेवून मासिक सुरू केले. ‘आजचा सुधारक’ म्हणून ते ओळखले गेले. विवेकवाद म्हणजे काय, पुराव्याइतकाच विश्वास म्हणजे काय, यावर त्यांनी सोप्या, स्वच्छ मराठीत लिहिले. पाश्चात्त्य तत्त्वज्ञान मराठीत नीट सांगता येत नाही असे म्हणणाऱ्याने ते लेख वाचावेत.

मिलच्या विचारातली सर्वांत मोठी उणीव त्याच्या हिंदुस्थानविषयीच्या मतात आहे. ‘ऑन लिबर्टी’च्या पहिल्याच प्रकरणात तो सांगून टाकतो, की हे स्वातंत्र्याचे तत्त्व मागासलेल्या समाजांना लागू नाही, तिथे सुधारणेसाठी निरंकुश सत्ता चालेल. पस्तीस वर्षे कंपनीचे खलिते लिहिणाऱ्याने हे लिहावे यात नवल नाही, पण खेद जरूर आहे. चर्चेने सुधारण्याची पात्रता अमुक समाजात नाही, हे त्याने कशावरून ठरवले? कागदांवरून. भेदाची पद्धत त्याने इथे लावली नाही. बायकांविषयी जी घाई त्याने इतरांना करू दिली नाही, तीच हिंदी माणसांविषयी त्याने स्वतः केली. सत्तेखाली दबलेल्या समाजाचा स्वभाव सत्तेखालीच पाहिला आणि त्याला निसर्ग समजला.

त्याच्याच तर्कशास्त्राप्रमाणे सामान्य विधान एका खऱ्या विरुद्ध उदाहरणाने कोसळते. टेंभूत जन्मलेला, अकोल्यात शिकलेला एक तरुण आपल्याच समाजाला आपल्याच भाषेत पुराव्याने प्रश्न विचारतो, शिव्या खातो, तुरुंग पाहतो आणि तरी चर्चेचाच मार्ग धरून राहतो. ज्या वऱ्हाडची व्यवस्था लावणाऱ्या कचेरीत मिल बसला होता, त्याच वऱ्हाडात हे शिक्षण झाले. आगरकर हे मिलचे शिष्य आहेत आणि मिलच्या त्या वाक्याविरुद्धचा पुरावाही आहेत. गुरूने दिलेली कसोटी गुरूच्या विधानाला लावणे आणि निकाल येईल तो मान्य करणे, हाच अनुभववाद समजल्याचा पुरावा. रिठदच्या शाळेतल्या मुलीला आणि मुलाला हे आज शिकवता येते. चार ओळी न फवारता सोडाव्यात, गाडा वेशीबाहेर नेण्याआधी विहिरीचे पाणी तपासावे, आणि ‘असेच असते’ म्हणणाऱ्या कुणालाही, मग तो घरचा असो की लंडनचा, विचारावे : कशावरून?